पदवीनंतर नर्सिंग : धंदा बदलण्याचा हक्क आणि आपली मुले

१

दलित समाजातील सुशिक्षित बेकारीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु एक पदवी पदरात पडल्यानंतर, तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या व्यवसायात नव्याने शिरू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी इतिहास शिकवितो. गेल्या काही वर्षांत बी.ए. झालेले, क्वचित एम.ए. झालेलेही विद्यार्थी परत येऊन एकच प्रश्न विचारतात : ‘सर, आता नर्सिंगला जाता येईल का?’ यातल्या मुली आहेत तशी मुलेही आहेत. कुणी दोन वर्षे स्पर्धा परीक्षेची पुस्तके घोकून थकलेला असतो, कुणी बिनपगारी शाळेत ‘उद्या अनुदान येईल’ या आशेवर बसलेली असते, कुणाचे लग्न होऊन मूल झालेले असते.

या प्रश्नाला दोन उत्तरे द्यावी लागतात. एक नियमांचे : कुठल्या दाराने आत जायचे, किती वर्षे, किती पैसा. दुसरे विचाराचे : पिढ्यानपिढ्या ज्यांच्या माथी इतरांची घाण उपसण्याचे काम मारले गेले, त्यांच्या लेकरांनी शिकूनसवरून पुन्हा रोग्याचे मलमूत्र उचलावे काय? पहिले उत्तर माहितीपुस्तिकेत अर्धेमुर्धे मिळते. दुसरे कुठेच मिळत नाही. म्हणून दोन्हींची मांडणी येथे एकत्र करीत आहे.

२

धंदा बदलणे ही आपल्या दृष्टीने साधी गोष्ट नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी लिहिलेले आणि मंडळाने परिषदच रद्द केल्यामुळे कधीच न झालेले भाषण आपण जातिनिर्मूलनाचा ग्रंथ म्हणून वाचतो. त्यात एक आर्थिक युक्तिवाद आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. उद्योगधंद्यांचे स्वरूप सतत बदलत असते. त्या बदलाबरोबर माणसाला आपला धंदा बदलता आला पाहिजे. जात त्याला तो बदलू देत नाही, म्हणून जात हेच बेकारीचे एक थेट कारण आहे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे धंदा बदलण्याचे स्वातंत्र्य हा बाबासाहेबांच्या दृष्टीने जातिव्यवस्थेच्या मुळाशी भिडणारा प्रश्न होता.

आज कायद्याने कुणाला कुठलाही धंदा बंद नाही. पण पहिल्या पिढीतला पदवीधर आपली पदवी खरोखर निवडतो काय? ज्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्या घरात दहावीनंतर कुठली शाखा घ्यायची हे सांगणारे कोण असते? गावापासून जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखा असते. विज्ञान असले तर प्रयोगशाळेला कुलूप असते आणि शिकवणीचा खर्च झेपत नाही. हॉस्टेलवर जागा मिळत नाही. मुलगी असेल तर एस.टी.च्या वेळेवर शाखा ठरते. अशा रीतीने सोळाव्या वर्षी परिस्थितीने केलेली निवड तिच्या नावावर ‘तुझीच आवड’ म्हणून लिहिली जाते. चोविसाव्या वर्षी तिला जग कळते, आणि तेव्हा व्यवस्था सांगते, आता उशीर झाला.

सुखवस्तू घरातला मुलगा अभियांत्रिकी सोडून नाटकात जातो, नाटक सोडून परदेशी व्यवस्थापन शिकायला जातो. त्याला धाडसी म्हणतात. आपल्या मुलाने बी.ए. नंतर नर्सिंगचा फॉर्म भरला की ‘इतकी वर्षे वाया घालवली’ म्हणतात. मन बदलण्याची चैन कुणाला परवडते, यावरूनही समाजातल्या पायऱ्या मोजता येतात.

३

आता दारे कोणती ते पाहू. देशातील नर्सिंग शिक्षणाची मानके १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेने ठरविली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला आहे.

पहिले दार ए.एन.एम.चे. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. बारावी कला शाखेतून झालेली असली तरी चालते. गावच्या उपकेंद्रावर लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी, बाळंतपण ही कामे करणारी ‘सिस्टर’ बहुधा हीच.

दुसरे दार जी.एन.एम.चे, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका पदविकेचे. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. बी.ए. झालेल्यांसाठी खरे दार हेच, कारण बारावी कुठल्याही शाखेची चालते. विज्ञानाला प्राधान्य आहे, पण सक्ती नाही. परिषदेच्या निकषांनुसार बारावीला इंग्रजी विषय हवा, एकूण आणि इंग्रजीत किमान ४० टक्के गुण हवेत, आणि वय १७ ते ३५ च्या दरम्यान हवे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : पात्रतेसाठी बारावीचे गुण पाहतात, पदवीचे नव्हे. तुमची बी.ए.ची प्रथम श्रेणी त्या खिडकीवर कुणी विचारीत नाही.

तिसरे दार बी.एस्सी. नर्सिंगचे. चार वर्षांची ही पदवी आहे आणि तिला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला ते सरळ बंद आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून विज्ञान विषय घेऊन बारावी पुन्हा करणे हा एक लांबचा मार्ग आहे. तो जिद्दीचा आहे, पण अशक्य कोटीतला नाही.

जी.एन.एम. झाल्यावर वाट संपत नाही. परिषदेकडे नोंदणी झालेल्या नर्सला दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करता येतो, त्यापुढे एम.एस्सी. नर्सिंग आहे. म्हणजे विज्ञानाचे जे दार सोळाव्या वर्षी बंद झाले, ते पदविकेच्या जिन्याने मागून उघडते. जी.एन.एम. बंद करून केवळ पदवीच ठेवावी, अशी चर्चा अधूनमधून होते. दर्जा वाढविण्याच्या नावाखाली हा जिनाच काढून घेतला, तर खेड्यातल्या कला शाखेच्या मुलांसाठी काय उरेल, याचा हिशेब त्या चर्चेत दलित संघटनांनी मागितला पाहिजे.

महाराष्ट्रात या पदविकांच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, आणि उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी म्हणजेच परवाना. प्रवेश घेण्यापूर्वी ती संस्था मान्यताप्राप्त आहे काय, हे यादीत नाव पाहून खात्री करूनच ठरवावे. तालुक्याच्या चौकाचौकांत ‘नर्सिंग’च्या पाट्या लावून सहा महिन्यांचे, वर्षाचे प्रमाणपत्र देणाऱ्या दुकानांत आपल्या लोकांनी शेत गहाण ठेवून पैसे भरलेले मी पाहिले आहेत. त्या कागदावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स होता येत नाही. प्रवेशाची पद्धतही वरचेवर बदलते. म्हणून त्या त्या वर्षीची सरकारी माहितीपुस्तिका हाच आधार धरावा.

४

दार दिसले म्हणजे आत जाता येते असे नाही. उंबरठ्यावर पैसा उभा असतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा आपल्या शिक्षणाचा कणा आहे. मी स्वतः तिच्याच आधाराने पदवीधर झालो. पण तिच्या नियमांत एक कलम आहे : शिक्षणाचा एक टप्पा पुरा केल्यावर त्याच टप्प्यावर दुसऱ्या विषयात शिकणाऱ्यास शिष्यवृत्ती नाही. बी.ए. नंतर बी.कॉम. केल्यास नाही, हे त्यातलेच उदाहरण. बी.ए. नंतर बी.एस्सी. नर्सिंग करणारा विद्यार्थी या कलमात सरळ सापडतो. जी.एन.एम. ही पदविका आहे, तिच्या बाबतीतही खिडकीवरचा कारकून हेच कलम पुढे करू शकतो. म्हणून प्रवेशापूर्वीच समाजकल्याण कार्यालयाकडे अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासनावर तीन वर्षांची फी उभी राहत नाही.

या कलमामागचा हेतू समजण्यासारखा आहे. सरकारी पैशाने कुणी आयुष्यभर पदव्या गोळा करीत बसू नये. पण प्रत्यक्षात हे कलम कुणाला अडविते? स्वतःच्या पैशाने शिकणाऱ्याला ते लागूच नाही. म्हणजे धंदा बदलण्याची मुभा ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्याला, आणि ज्याच्याकडे नाही त्याला पहिलीच निवड आमरण बंधनकारक, असा त्याचा परिणाम होतो. जे बंधन पूर्वी धर्मशास्त्राने घातले, ते आज शासननिर्णयातल्या एका ओळीने घातले जाते.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो. अमेरिकेत दुसऱ्या विषयाची पदवी असलेल्यांसाठी खास शीघ्र नर्सिंग पदवी आहे. सेंट लुईस विद्यापीठाने असा अभ्यासक्रम १९७१ साली सुरू केला. आज तिकडे असे अभ्यासक्रम साधारण ११ ते १८ महिन्यांत पुरे होतात. मात्र शरीरशास्त्रासारखे काही विषय आधी करून यावे लागतात आणि फी जबर असते. ब्रिटनमध्ये पदवीधराला तीनऐवजी दोन वर्षांत नर्सिंगचे शिक्षण पुरे करता येते, कारण त्याचे आधीचे शिक्षण हिशेबात धरले जाते. इंग्लंडमधील नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची जुनी शिष्यवृत्ती २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. पुढे २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंडांचे अनुदान सुरू करावे लागले. नर्सेस हव्या असतील तर शिकणाऱ्याच्या पोटाची सोय करावी लागते, हे त्या सरकारला मान्य करावे लागले.

आपल्याकडे मात्र पंचविशीचा पदवीधर सतरा वर्षांच्या मुलांशेजारी बसून पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. जी.एन.एम.च्या पहिल्या वर्षी शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे यांबरोबर मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि इंग्रजीही असते. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या मुलीने ‘कुटुंबसंस्था म्हणजे काय’ यावर पुन्हा टिपण लिहायचे. शरीरशास्त्रात किंवा वॉर्डमधल्या कामात सवलत मागावी असे मी म्हणणार नाही. तो रोग्याच्या जिवाशी खेळ होईल. पण जे शिकून झाले आहे त्याची मोजदाद करायला काय हरकत आहे?

५

आता दुसऱ्या, अधिक अवघड प्रश्नाकडे वळू. एका विद्यार्थ्याची आजी, नातू नर्सिंगला निघाला तेव्हा म्हणाली, ‘आम्ही गावची घाण काढली, आता तू दवाखान्याची काढ.’ या वाक्यातली वेदना हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

भारतात नर्सिंगला प्रतिष्ठा का नव्हती याचे उत्तर जातीत आहे. रक्त, पू, विष्ठा, प्रेत, परक्याच्या अंगाला हात लावणे, रात्री घराबाहेर राहणे या सर्व गोष्टी सोवळ्याच्या विरुद्ध. डॉक्टरची पदवी उच्चवर्णीयांना चालली. डॉक्टर आज्ञा देतो. हात लावण्याचे काम ख्रिस्ती मिशनच्या मुलींकडे, निराधार स्त्रियांकडे आले. गावगाड्यात याहून जुनी परंपरा आहे. अनेक गावांत सुईणीचे काम मांग-महारांच्या बायका करीत. बाळाला पहिला स्पर्श तिचा, नाळ कापणार ती. आणि नंतर सोयर फिटून घर शुद्ध झाले की तिचाच विटाळ. तिच्याजवळ ज्ञान होते, कौशल्य होते, पण त्याला नाव नव्हते, वेतन नव्हते, आणि ते नाकारण्याची सोय नव्हती. १९४६ च्या भोर समितीने देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक नर्स असल्याची नोंद केली. सुईणीच्या हातांवर कोट्यवधी बाळंतपणे होत होती, तेव्हाचा हा आकडा आहे.

म्हणूनच सावित्रीबाईंचे अखेरचे कार्य आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्या शिक्षिका होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉक्टर यशवंतांच्या पुण्याजवळच्या दवाखान्यात त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर त्यांनी पाठीवर घेऊन आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. वय ६६ वर्षांचे होते. ज्या अंगाला सारे गाव शिवत नव्हते, ते अंग त्यांनी पाठीशी घेतले. सेवा आणि अस्पृश्यतेचा नकार त्यांच्या कृतीत वेगळे करता येत नाहीत.

लादलेले काम आणि निवडलेले काम यांत फरक आहे तो घाणीच्या प्रमाणाचा नव्हे. फरक ज्ञानाचा आहे, मोबदल्याचा आहे, आणि नकाराच्या हक्काचा आहे. नर्स रोग्याचा बेडपॅन पाहते तेव्हा त्यात रक्त आहे काय हे ती पाहते. लघवी किती झाली ती मोजून तक्त्यावर लिहिते. त्या आकड्यावर डॉक्टर औषध बदलतो. जखम धुणे हे जंतुशास्त्राच्या नियमाने केलेले काम आहे. उद्या तिला ते सोडावेसे वाटले तर ती राजीनामा देऊ शकते. गावकीला राजीनामा नव्हता.

तरीही रुग्णालयाच्या भिंतींच्या आत जात संपते, असा भ्रम बाळगू नये. तिथेही एक उतरंड आहे : डॉक्टर, नर्स, आया-वॉर्डबॉय आणि सर्वांत खाली सफाई कामगार. सफाईच्या झाडूपाशी कोणत्या जातीची माणसे आहेत हे सांगायला पाहणी करावी लागत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याची जागा मिळते. त्या घरांना तो आधार आहे आणि तो काढून घ्या असे कुणी म्हणू नये. पण वारसाहक्काने चालत येणारी सरकारी नोकरी नेमकी झाडूचीच का असावी, हा प्रश्न उरतोच. आपली मुलगी नर्स झाली आणि तीच खालच्या बाईला अरेतुरे करू लागली, तर आपण पायरी चढलो, जिना मोडला नाही. शिवाय छातीवरच्या नावपट्टीतले आडनाव वाचून ‘सिस्टर, तुम्ही कुठल्या?’ असे विचारणारा रोगीही भेटतोच. सलाइन लावून घेताना त्याला विटाळ होत नाही. हात बरा झाला की चौकशी सुरू होते.

६

पोटाचा हिशेबही मांडू. महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. कायम नोकरी मिळाली तर एका घराची दिशा बदलते. पण कायम जागा थोड्या आणि कंत्राटी जागा फार, ही सध्याची रीत आहे.

खासगी रुग्णालयांची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानंतर केंद्र सरकारने समिती नेमली. तिच्या शिफारशी अशा : २०० पेक्षा अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी नर्सइतके वेतन, १०० पेक्षा अधिक असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांत फार तर २५ टक्के कमी, आणि ५० खाटांखालच्या रुग्णालयातही महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी नाही. या शिफारशी अमलात आणण्यासाठी राज्यांकडे गेल्या. माझ्या तालुक्यातील छोट्या खासगी दवाखान्यांत काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनींना त्या २०,००० चा पत्ताच नाही. एकीची मूळ प्रमाणपत्रे व्यवस्थापनाने ठेवून घेतली होती. नोकरी सोडायची तर पैसे भरा, म्हणाले. वेठबिगारीचे हे पांढऱ्या गणवेशातले रूप आहे. म्हणून नर्सिंगला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, आणि संघटनेचे सभासद व्हा.

७

मग बी.ए. वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात येणारा रोगी ऊसतोडीवरून येतो, तांड्यावरून येतो, वीटभट्टीवरून येतो. त्याची बोली, त्याची भीती, डॉक्टरपुढे गप्प बसण्याची त्याची सवय ज्याला कळते, तो त्याच्याकडून दुखण्याची खरी हकीकत काढून घेऊ शकतो. ज्याने इतिहास वाचला आहे, समाज वाचला आहे, त्याला क्षयाचे कारण फुप्फुसाबरोबर झोपडीतही दिसते. ही दृष्टी वॉर्डाला हवी आहे.

आपल्या चळवळीने यात काय करावे? शिष्यवृत्तीतील समान टप्प्याच्या कलमाला, नोंदणीकृत व्यवसायाकडे वळणाऱ्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांपुरता अपवाद मागावा. आधी शिकलेल्या विषयांची गणना मागावी. जी.एन.एम.चा जिना शाबूत राहील हे पाहावे. तालुक्याच्या ठिकाणी विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळांची कुलुपे उघडावीत, म्हणजे चोविसाव्या वर्षी वाट बदलण्याची पाळीच कमी येईल. आणि आम्ही प्राध्यापकांनी दहावी-बारावीच्या मुलांपर्यंत स्वतः जाऊन दारे कुठे आहेत ते सांगावे. त्यांच्या घरात ते सांगणारे कुणी नाही, हे आमच्याइतके कुणाला ठाऊक आहे?

आपल्या साहित्यात शिक्षक आला, कारकून आला, गिरणी कामगार आला. रात्रपाळीत चाळीस खाटांमधून एकटीने फिरणारी आपली नर्स अजून पुरती आलेली नाही. सुईणीच्या ज्ञानाला समाजाने नाव दिले नाही. तिच्या नातीजवळ आता परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे. तो क्रमांक तिला मिळावा म्हणून जी दोन-तीन कलमे आडवी येतात, ती हटविणे हे काम आपले आहे.